खोटा सांधा

माझी डावी नडगी जन्मतःच वाकडी होती. गुडघ्याच्या खाली, घोट्याच्या थोडं वर, तिला पुढच्या अंगाला बाक होता. विळ्याच्या पात्याला असतो तसा. बाकी मी धडधाकट होते. वजन चांगलं, रडणं खणखणीत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आईला सांगितलं, "पोटात पाय दुमडून राहिली असेल, होईल सरळ." आईनं ते धरून ठेवलं. दुसरं कुणी काही सांगत नव्हतं.

आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत. भाताची खाचरं, दोन बैल, एक म्हैस. घरात आई, आबा आणि आबांची आई, म्हणजे माझी आजी. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते. आईनं मला घरी आणलं, दुपटं सोडलं, आणि आजीनं पाय बघितला. त्या वेळी ती जे बोलली ते आईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

"गिराणात काय तरी कापलंया हिनं."

आईला सातवा महिना असताना ग्रहण लागलं होतं. पोटुशा बाईनं ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, मुडपू नये, नाहीतर पोरात व्यंग येतं, असं आमच्याकडं मानतात. आईनं त्या दिवशी काहीच कापलं नव्हतं. ग्रहण सुटेपर्यंत ती घोंगडीवर पाय लांब करून बसली होती. पण तेच तेच ऐकून तिचाच तिच्यावरचा भरवसा उडाला. म्हशीपुढं वैरण टाकताना पेंढी मोडली होती का? दातानं दोरा तोडला होता का? ती आठवत बसायची आणि तिला काही आठवायचं नाही, आणि आठवत नाही याचीच तिला भीती वाटायची.

गावात बाळ-बाळंतिणींना तेल लावणारी एक म्हातारी होती. ती अंगठे दाबून माझी नडगी सरळ करायला बघायची आणि मी काळीनिळी व्हायचे. चार-पाच दिवसांनी आईनं तिचा हात धरला. "मावशी, बाकीचं अंग चोळा. त्या पायाला हात लावू नका." म्हातारीला राग आला, आजीलाही आला. आईनं ऐकलं नाही. सासरी आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणाली होती, असं आबा सांगतात.

पाय मोडला तेव्हा मी दीड वर्षाची होते. पडले नाही, कुठं आपटले नाही. अंगणात बाजेला धरून उभी राहत होते. आई तांदूळ निवडत होती. तिला सुपारी फुटल्यासारखा आवाज आला, आणि मग माझं रडणं.

आधी हाडं बसवणाऱ्या वैद्याकडं नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. सूज उतरेना म्हणून भोरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, काढलं, फोटो बघितला, परत घातलं. दुसऱ्यांदा काढल्यावर त्यांनी आबांना खिडकीपाशी बोलावलं आणि एक्स-रे उजेडात धरला. "लहान मुलाचं हाड असं राहत नाही. मातीत कोंब यावा तसं ते आपसूक जुळतं. हे जुळत नाही म्हणजे दोष हाडातच आहे. मी उगाच प्लास्टरवर प्लास्टर घालणार नाही. पुण्याला न्या."

पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर लहान मुलांच्या हाडांचेच होते. पुढची पंधरा-सोळा वर्षं माझा पाय त्यांच्याच हातात होता. त्यांनी आई-आबांना समोर बसवून समजावून सांगितलं. हाड मोडलं की दोन्ही टोकं एकमेकांना धरतात. माझ्या नडगीत ती धरत नव्हती. मधल्या जागेत हाडाऐवजी काथ्यासारखं चिवट काहीतरी भरत होतं, आणि त्या जागी पाय हलत होता. जिथं सांधा नको तिथं सांधा. "याला खोटा सांधा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "फार थोड्या मुलांमध्ये दिसतो. आणि सोपा नाही, हे आजच सांगून ठेवतो."

मग त्यांनी माझा फ्रॉक वर केला. पोटावर, पाठीवर, मांडीवर चहा सांडून वाळल्यासारखे डाग होते.

"हे कधीपासून?"

"पयल्यापास्नं हायती," आई म्हणाली. "आमाला वाटलं, असतात कुनाकुनाला."

डॉक्टर आबांकडं वळले. "तुमच्या अंगावर आहेत असे?"

"हायती की. पण मला काय तरास न्हाई त्यांचा."

"शर्ट काढा."

आबांनी लाजत लाजत शर्ट काढला. पाठभर तसेच डाग. खांद्याच्या खाली दोन-तीन मऊ गाठी. डॉक्टरांनी त्या बोटानं दाबून बघितल्या आणि आबांच्या वडिलांचं विचारलं. आबांना नीटसं सांगता येईना.

"हा आजार तुमच्याकडून मुलीकडे आलाय," डॉक्टर म्हणाले. "तुमची चूक नाही. कुणाचीच नाही. एखाद्याला नुसते डाग येतात, एखाद्याला गाठी होतात, आणि एखाद्याच्या हाडात उतरतो. तिच्या हाडात उतरला."

आईनं विचारलं, "गिराणाचा काय संबंध न्हाई?"

"नाही."

"म्या कायबी कापलं असतं तरी?"

"कापलं असतं तरी नाही."

"मग डॉक्टर, तुमी आमच्या घरी यून हे सांगाल का?"

डॉक्टर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती खरंच विचारतेय. ते आबांना म्हणाले, "तुम्ही सांगा."

आणि आबांनी सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी चूळसुद्धा भरली नाही. आजी चुलीपुढं होती. तिच्यासमोर पाठ करून त्यांनी शर्ट वर केला. "आये, हे बग. पोरीला हे माझ्याकडनं आलंय. डॉक्टरांनी सांगितलं. मला कुनाकडनं आलं, ते तुला म्हाईत."

आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "त्यांच्या पाठीवरबी गाठी व्हत्या. तेल लावताना हाताला लागायच्या." आणि उठून म्हशीकडं गेली. आईला ती "चुकलं" असं कधीच म्हणाली नाही. पण काही दिवसांनी नळावर कुणीतरी ग्रहणाचा विषय काढला, तर आजी म्हणाली म्हणे, "ते आमच्याच घरातलं हाय. सुनंचं काय न्हाई त्यात." आईला हे शेजारणीकडून कळलं.

पहिलं ऑपरेशन मला आठवत नाही. हाडाच्या आतून सळई घातली होती, आणि कंबरेचं थोडं हाड काढून मोडलेल्या जागी भरलं होतं. मला आठवतो तो कॅलिपर. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, कातड्याचे पट्टे आणि खाली जाड तळाचा काळा बूट. तो घालून मी शाळेत जायचे. अंतर थोडंच, पण वाट चढाची, म्हणून आबा खांद्यावर घ्यायचे. वर्गात मला भिंतीच्या कडेला बसवायचे, म्हणजे पाय लांब करता यायचा. खेळाच्या तासाला मी गुण मोजायचे. खो-खोचे नियम मला सगळ्यांपेक्षा चांगले यायचे.

हाड जुळलं, असं वाटण्याइतपत सगळं नीट चाललं होतं. चौथीत असताना शाळेच्या ओट्यावरून उतरताना ते परत मोडलं. सळईसकट वाकलं.

त्यानंतर रिंगा आल्या. पायाभोवती लोखंडी कड्या, कड्यांना बांधलेल्या तारा, आणि त्या तारा एका बाजूनं हाडात शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर. ते दिसायला भयंकर होतं. दुखायचंही, पण कायम नाही. रोज ठरल्या वेळी पान्यानं नट थोडासा फिरवायचा असायचा, म्हणजे आखूड राहिलेलं हाड हळूहळू लांबतं. नट आबा फिरवायचे. तारा पुसायचं काम आईचं. पाणी उकळून निववायचं, हात धुवायचे, मग प्रत्येक तार जिथं कातडीत शिरते ती जागा कापसानं पुसायची. एखादी जागा लाल दिसली की आईचं तोंड उतरायचं. पुढचं तिला बघूनच कळायचं, आज नुसती लाल आहे की उद्या पू धरणार.

शाळा बुडाली होती. दिवसभर मी ओसरीवर बाजेवर असायचे. आमच्या कोंबड्यांना त्या चकाकणाऱ्या नटांचं भलतंच आकर्षण. एक तांबडी कोंबडी टुणकन बाजेवर चढायची आणि कडीवर चोच मारायची. त्या हादऱ्यानं माझ्या मस्तकात कळ जायची. म्हणून आजी काठी घेऊन माझ्या पायथ्याशी बसायला लागली. सकाळी बसायची ती ऊन कलेपर्यंत. कोंबड्या आल्या की काठी आपटायची, नाही आल्या तर मला गावातल्या जुन्या भांडणांच्या गोष्टी सांगायची. आमच्या गावात कुणाचा बांध कुणी कोरला हे मला तेव्हापासून पाठ आहे. एकदा शेजारीण म्हणाली, "कोंबड्या कोंडून ठेवा की." आजी म्हणाली, "कोंबड्या कोंडल्यावर म्या काय करू?"

रिंगा निघाल्या तेव्हा पाय पातळ काठीसारखा झाला होता, पण हाड जुळलं होतं. त्यापुढची काही वर्षं माझ्या लहानपणातली सगळ्यात चांगली. उंच तळाचा बूट घालून मी मार्गासनीपर्यंत चालत गेले, मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीत उभी राहिले, शाळेच्या सहलीला बसमधून उतरून गड खालून का होईना बघितला. आई लोकांना सांगायला लागली, "आता झालं सगळं नीट." मी म्हणायचे, "आई, नको बोलूस." मला त्या हाडाची खात्री नव्हती. आपल्या हाडाचं आपल्याला कळतं.

नववीत असताना ते तिसऱ्यांदा मोडलं. एसटीतून उतरताना. शेवटच्या पायरीवरून मी डावा पाय खाली टेकवला आणि तो माझ्याखालून निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला बसले. दुखत होतंच, पण मला आठवतो तो राग. पायाचा राग. घरात कुणी सारखं आजारी पडत असलं की त्याचा येतो ना, तसा.

पुण्याला परत तेच दालन, तोच बाक. डॉक्टरांचे केस आता बरेच पांढरे झाले होते. ते आत आई-आबांशी बोलत होते, परत रिंगा, परत हाड भरणं. मी बाहेर बसले होते. शेजारी तिशीतली एक बाई, भाच्याला घेऊन आलेली. तिनं पाण्याची बाटली भरून आणली, भाच्याला उचललं, खाली ठेवलं, मग वाकून त्याच्या चपलेचा पट्टा लावला. वाकल्यावर तिच्या सलवारीची कड वर गेली आणि मला तिचा घोटा दिसला. तो घोटा नव्हताच.

मी विचारलं, "तुमचा पाय खोटा आहे?"

"हो. अपघातात गेला."

"दुखतो का?"

"कधी कधी. उन्हाळ्यात घामानं काचतो." तिनं थोडा विचार केला. "पण कुठं जायचं असलं की मी जाते."

मी आत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "कापला तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तोही एक मार्ग आहे. मागच्या वेळीच सुचवावं असं मनात होतं. पण तुझ्या आईकडे बघून माझ्याच्यानं बोलवलं नाही."

आईनं माझं मनगट धरलं आणि मला बाहेर आणलं. कुबड्यांवर होते तरी ओढतच आणलं. "काय बोलतीस तू? कळतंय का तुला काय बोलतीस?"

"कळतंय."

मग अख्खा पावसाळा तो विषय घरात नव्हता. पायाला आधाराचा साचा बांधलेला, मी कुबड्यांवर, शाळा परत बुडालेली. लावणीला सगळे खाचरात, मी ओसरीवर. भाकरी थापून ठेवायचे, म्हशीला हाका मारायचे. एके दिवशी संध्याकाळी आई चिखलाचे पाय धुऊन आली आणि मीच विषय काढला.

"आई, डॉक्टरांना काय सांगायचं?"

"परत रिंगा घाला म्हनायचं. म्या करीन की सगळं. आधी केलं न्हाई का?"

"तू करशील. मला न्हाई करायचं."

तेव्हा ती चिडली. "किती वरसं हा पाय म्या जपला. पानी उकळून उकळून एक एक तार पुसली. तुझ्यापेक्षा जास्त म्या बगितलाय त्याला. आन तू म्हनतीस, टाकून द्या."

"टाकून द्या न्हाई म्हनत. पुरं झालं म्हनते. आई, तुला तो पाय वाटतो. मला त्याच्यावर कधी उभंच न्हाई राहता आलं नीट."

आबा दारात होते. ते म्हणाले, "पाय तिचा हाय. इचार तिला करू दे."

"तुमी गप बसा," आई म्हणाली. आणि रडली. माझ्यासमोर ती त्याआधी रडलेली मला आठवत नाही. आजी आतून आली, तिच्या शेजारी बसली.

गौरी-गणपती झाल्यावर एक दिवस आई म्हणाली, "ते पाय कुठं बनवतात, ते दाखीव मला." डॉक्टरांनी पत्ता दिला आणि आम्ही दोघी पुण्याला गेलो. एका गल्लीत मोठी खोली, भिंतीला पाय टांगलेले. लहान, मोठे, काळे, गोरे. हवेत प्लास्टरची भुकटी. तिथल्या माणसाला आईनं बसूही दिलं नाही.

"मांडी घालून बसता यील?"

"येईल ताई. गुडघा तिचाच राहणार ना. गुडघा असला की निम्मं काम झालं."

"संडासला?"

"सवय लागली की जमतं. सुरुवातीला काहीतरी धरायला लागतं."

"कुठं तरी गळून पडंल का?"

"नीट बसवला तर नाही."

"चिखलात? आमची भाताची शेती हाय."

तो म्हणाला, "चिखलात नाही चालणार, खरं सांगतो. पाऊल रुतणार, ती ओढणार, आणि पाय राहणार खाचरात. चिखलात जायचं तर काढून बांधावर ठेवायचा."

आई हसली. बांधावर उभा ठेवलेला पाय तिच्या डोळ्यापुढं आला असणार. मलाही हसू आलं, आणि मग तो माणूसही हसला. शेवटी आईनं आवाज बारीक करून विचारलं, "आन लगीन?"

"ते मला नाही सांगता येणार. पण माझ्याकडच्या पुष्कळ जणींची झालीत."

परत येताना नसरापूरला आम्ही एसटी बदलली. टपरीवर वडापाव खाल्ला. आईनं हात पुसले, कागद चुरगळला आणि म्हणाली, "दिवाळीनंतर करू." मी हो म्हणाले. आमची वेल्ह्याची गाडी लागली होती.

ऑपरेशन गुडघ्याच्या खाली झालं. मी बेशुद्ध असताना वॉर्डातला माणूस आबांना बाजूला घेऊन म्हणाला, "पायाचं काय करायचं? दवाखाना विल्हेवाट लावतो, नाहीतर तुम्ही नेऊ शकता." आजीनं निघतानाच बजावलं होतं, कचऱ्यात जाऊ द्यायचा नाही. आबांनी तो पांढऱ्या कापडात गुंडाळून मित्राच्या टेम्पोतून गावी नेला, शेताच्या बांधाला आंब्याखाली खड्डा काढला, मीठ घातलं आणि पुरला. आजीनं हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी आबा वॉर्डात आले तेव्हा त्यांच्या नखात माती होती. त्यांनी सगळं सांगितलं.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तू झोपली व्हतीस."

नंतरच्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. नसलेल्या पायाचा अंगठा खाजायचा. मधेच खाजायचा, मधेच कुणी पिळल्यासारखा दुखायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला अजून कळलेलं नाही, कळेल हळूहळू. घरी आल्यावर आजीनं मला चादर चाचपताना पकडलं.

"काय शोधतीस?"

"अंगठा खाजतोय."

मला वाटलं, ती घाबरेल, अंगारा लावेल. ती वाकली आणि जिथं अंगठा असायला हवा होता तिथली चादर नखानं खाजवायला लागली. "हितं?"

"जरा वर."

"आता?"

खोटं वाटेल, पण बरं वाटायचं. पुढं बरेच दिवस मी हाक मारली की आजी यायची आणि रिकामी चादर खाजवून जायची. कुणी पाव्हणे बसलेले असले तरी.

खोट्या पायावर चालायला शिकणं हे काही फार मोठं नव्हतं. मला आधीपासून नीट चालायचा सरावच नव्हता, त्यामुळं जुनं विसरायचं नव्हतं. उरलेला पाय ज्यात बसतो तो पहिला साचा घासायचा, फोड यायचे. दुसरा जमला. उरलेला पाय वाळत गेला तशी मोज्यावर मोजे घालायला लागले. आजही सकाळी एक असतो आणि संध्याकाळपर्यंत दुसरा चढतो. एसटीतून उतरताना आता खोटा पाय आधी खाली टेकवायचा, हे आबांनी मला उभ्या गाडीत चढ-उतार करायला लावून शिकवलं. ड्रायव्हर ओळखीचे होते. ते हॉर्न न वाजवता थांबले.

अकरावीपासून कॉलेज भोरला. रोज दोन एसट्या. तिथं बहुतेकांना वर्षभर कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी आठवडाभर बघितलं आणि सोडून दिलं. आजी मी शेवटच्या वर्षाला असताना गेली. नंतर मला वरव्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. माल तपासून पेटीत भरला जातो त्यावर देखरेख. दिवसभर उभ्याचं काम आहे, हे मुलाखतीत त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हणाले, उभं राहायचं मला वावडं नाही.

नवरा पानशेतकडचा. त्याचा टेम्पो आहे, तिकडच्या हॉटेलांना माल पोचवतो. तो बघायला आला तेव्हा मी पायाचं सांगितलंच, पण तेवढं पुरेसं नव्हतं. मी म्हणाले, "हा आजार माझ्या पोरातही उतरू शकतो. छापा-काटा आहे. आणि उतरला तर कुठं उतरेल, सांगता येत नाही. नुसते डागही येतील, किंवा माझ्यासारखंही होईल." त्यानं चहा संपवला आणि गेला. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पंधरवड्यानं तो एकटाच मोटारसायकलवर आला, अंगणातच उभा राहिला.

"आमच्या आईला साखर हाय, वडलांना साखर हाय, चुलत्याचं त्याच्यातच बोट गेलं," तो म्हणाला. "माझ्याकडनंबी काय तरी जानारच की."

मला ते आवडलं. आईला जास्त आवडलं.

मुलगी झाली. नर्सनं तिला माझ्या हातात दिलं तर मी आधी तिच्या नडग्या बघितल्या, तोंड नंतर. नडग्या सरळ होत्या. सहाव्या महिन्यात अंघोळ घालताना पोटावर पहिला डाग दिसला, मग मांडीवर. मी नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, "बरं." आबांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ अंगणात उभे होते. आईनं त्यांना जेवायला हाक मारली, ते आले, जेवले.

आता दर वर्षी तिला तपासायला नेतो. डोळे, पाठ, हाडं. आतापर्यंत सगळं ठीक आहे. पुढचं माहीत नाही. डॉक्टर निवृत्त झालेत, त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बाई आहेत. त्या नेमकं बोलतात, उगाच धीर देत नाहीत, मला तेच बरं वाटतं. दोन भेटींच्या मध्ये मी फारसा विचार करत नाही. एखाद्या दिवशी ती पळताना पडली आणि उठायला वेळ लागला, तर करते.

आम्ही आता नसरापूरला भाड्यानं राहतो. मुलगी चौथ्या वर्षात आहे. परवा सकाळी उठले तर पलंगाशेजारी पाय नाही. कारखान्याची गाडी फाट्यावर येते, ती थांबत नाही. एका पायावर उड्या मारत मी स्वयंपाकघरात गेले.

"माझा पाय कुठं ठेवलास?"

"झोपलाय," ती म्हणाली.

"कुठं झोपलाय?"

तिनं बोट दाखवलं. धान्याच्या कोठीमागं चटई घातलेली, चटईवर माझा पाय आडवा, अंगावर तिचं बाळपणीचं दुपटं, आणि पावलाला तिचा एक मोजा. तो अंगठ्यापर्यंतच बसला होता.

"उठव त्याला. मला उशीर होतोय."

"त्याला ताप आलाय."

आतून नवरा ओरडला, "तापाची गोळी दे आन सोड त्याला, आईची गाडी चुकंल."

तिनं मोठ्या नाराजीनं मोजा काढला. मी तिथंच जमिनीवर बसून पाय चढवला. गाडी चुकलीच. शेवटी नवऱ्यानं टेम्पोतून वरव्याला सोडलं, आणि तीही मागं लागून आली, मध्ये बसून, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, ताप उतरला का ते बघत.